बिल एव्हान्स: 'बेस्ट ऑफ' नको, लाइव्ह ऐका

माजघर

'जॅझ ऐकायचंय, सुरुवात कुठून करू' या जुन्या धाग्यावर परवा कुणीतरी पियानोवादक बिल एव्हान्सचं नाव काढलं आणि लगेच तीन-चार जणांनी 'बेस्ट ऑफ'च्या लिंका डकवल्या. तिथे उत्तर लिहायला बसले ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

ज्यांनी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) ऐकलाय त्यांनी एव्हान्सला ऐकलेलंच आहे. त्या रेकॉर्डवर 'फ्रेडी फ्रीलोडर' सोडलं तर पियानो सगळा त्याचा. जन्म १९२९, न्यू जर्सीतलं प्लेनफील्ड. गेला १९८० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. मधल्या काळात रिव्हरसाइड, व्हर्व्ह, फँटसी, वॉर्नर अशा कंपन्यांसाठी इतकं रेकॉर्ड करून ठेवलंय की नवीन माणूस बावचळतो आणि संकलनाकडे वळतो.

माझं म्हणणं असं की बाकी कुणाचंही संकलन ऐका, एव्हान्सचं नको. संकलन करणारा प्रत्येक रचनेची एकच प्रत उचलतो. आणि हा माणूस मोजक्या रचना घेऊन त्याच त्या वीस वर्षं वाजवत राहिला. गंमत सगळी 'त्याच त्या'मध्ये आहे.

'नार्डिस' घ्या. नावावर माइल्सच्या आहे, पण माइल्सने ती स्वतः कधी रेकॉर्ड केली नाही. १९५८ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या रेकॉर्डसाठी दिली, तिथे पियानोवर एव्हान्स होता, आणि पुढे ती त्याचीच होऊन बसली. १९६१ च्या 'एक्सप्लोरेशन्स'वर ती सहा मिनिटांच्या आत आटोपते, कुठेही घाई नाही, कुठेही पसारा नाही. १९६८ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो जॅझ महोत्सवात ड्रम्सवर जॅक डीजॉनेट आहे, तिथे तीच रचना अंगावर येते. आणि २६ नोव्हेंबर १९७९ ची पॅरिसची मैफल ऐका. आधी कितीतरी वेळ एकटा पियानो. मूळ चाल येते येते म्हणतो आणि भलतीकडेच वळतो. ती आली की बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स शिरतात, मग बास एकटा, मग ड्रम्स एकटे, आणि पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर पुन्हा चाल. अठरा वर्षांत एका रचनेचं काय झालं ते या तीन प्रतींमध्ये दिसतं. संकलनात यातली एकच येणार, बहुधा पहिली, कारण ती आखूड आहे.

दुसरी तक्रार: संकलनांतला एव्हान्स कायम संथ असतो. 'पीस पीस', 'माय फूलिश हार्ट', पाऊस, खिडकी, कॉफी. त्याच्या हातात स्विंग (जॅझचा झुलता ठेका) होता, तडफ होती, शेवटी शेवटी तर अधीरपणा होता, हे त्यातून कळतच नाही.

सुरुवात करायची तर २५ जून १९६१ पासून करा. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, रविवार, दुपारी दोन आणि रात्री तीन बैठका. बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. बास मागे उभा राहून ठेका धरत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. या तिघांचे स्टुडिओतले अल्बम दोनच, 'पोर्ट्रेट इन जॅझ' आणि 'एक्सप्लोरेशन्स'. बाकी भर या एका दिवसावर.

जाणकारांनी भर घालावी. खोडूनही काढावं.

---

चहाबिस्किट

वाचनखूण साठवली. जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण होणार असं दिसतंय, म्हणून पहिल्या रांगेत बसतोय.

---

रेकॉर्डवाला_दादर

माजघरताई, खोडून काढा म्हणालात म्हणून धीर केला.

ज्या व्हॅनगार्डची तुम्ही शिफारस करताय ते 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हे काय आहे? संकलनच! पाच बैठकांमधून निवडून काढलेल्या सहा रचना. आणि निवडल्या कशा? लाफारो गेल्यानंतर, तो ठळक दिसेल अशा बेताने. पहिली 'ग्लोरियाज स्टेप', शेवटची 'जेड व्हिजन्स', दोन्ही लाफारोच्या रचना. क्लबात त्या दिवशी असा क्रम नव्हता. उरलेल्यातून दुसरी रेकॉर्ड 'वॉल्ट्झ फॉर डेबी' निघाली, तिची चव पूर्ण वेगळी. निर्माता ऑरिन कीपन्यूजने एका दिवसाच्या टेपांमधून दोन वेगळे अल्बम घडवले. चांगलं संकलन हे असं असतं. तुमचा राग आळशी संकलनांवर आहे, तो सगळ्यांवर काढू नका.

आमच्या पिढीला तर संकलनांनीच तारलं. सत्तरच्या दशकात माइलस्टोन कंपनीने जुने रिव्हरसाइडचे अल्बम दोन-दोन एकत्र करून जोड-एलपी काढल्या. 'द व्हिलेज व्हॅनगार्ड सेशन्स' म्हणजे वरचे दोन्ही, 'स्प्रिंग लीव्हज' म्हणजे 'पोर्ट्रेट' आणि 'एक्सप्लोरेशन्स'. मुंबईत परदेशी रेकॉर्ड मिळायची मारामार. काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये जे येईल ते, नाहीतर कुणाचा भाऊ गल्फमधून आणेल ते. अशा वेळी एका पाकिटात चार बाजू मिळणं ही चैन होती. त्या जोड-एलपींची पाठ वाचून आम्ही जॅझचा इतिहास शिकलो.

---

माजघर

@रेकॉर्डवाला_दादर, काका, मुद्दा चोख आहे आणि वाद माझ्याच बाजूने वळवते. तुम्ही म्हणता तसं ते घडवलेलं आहे, म्हणूनच मूळ दिवस क्रमाने ऐकावा. २००५ मध्ये तीन सीडींचा पूर्ण संच निघाला, त्यात पाचही बैठका जशा झाल्या तशा आहेत. पहिलीच 'ग्लोरियाज स्टेप' वीज गेल्यामुळे मध्येच तुटते आणि पुन्हा सुरू होते. १९६१ मध्ये ती कचऱ्यात गेलेली प्रत होती. 'ऑल ऑफ यू' तीनदा येते, आणि तिन्ही वेळा लाफारो वेगळ्या ठिकाणाहून आत शिरतो. हे सहा रचनांच्या एलपीवर कसं कळणार?

जोड-एलपींबद्दल मात्र दंडवत.

---

एडिसनकर

प्लेनफील्ड आमच्या एडिसनच्या अगदी जवळ. इथले मराठी लोक रोज त्या पाटीवरून जातात आणि बिल एव्हान्स तिथला हे कुणाच्या गावीही नसतं. मलाही व्हॅनगार्डला जाईपर्यंत नव्हतं.

क्लब अजून चालू आहे. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथवर लाल छत, अरुंद दार, आणि सरळ खाली उतरणारा जिना. तळघर आहे ते. खोली पाचरीसारखी, एका टोकाला निमुळती होत जाणारी, आणि निमुळत्या टोकाला स्टेज. माणसं जेमतेम सव्वाशे मावतात. टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याच्या ग्लासातला बर्फ वाजलेला तुम्हाला ऐकू येतो. १९६१ च्या रेकॉर्डिंगमध्ये कपबशा, ग्लास, कुणा बाईचं हसू ऐकू येतं ना, ते तिथे बसल्यावर कळतं. माइक त्यापासून लपणार कुठे?

मी गेलो तेव्हा वेगळीच त्रयी होती, पण पियानो त्याच कोपऱ्यात. फोन बंद ठेवायला सांगतात, आणि लोक खरंच ठेवतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे होईल तो सुदिन. :)

---

भाता_आणि_सूर

मी पेटी वाजवतो, जॅझ शिकलेलो नाही. पण एव्हान्सचा डावा हात कानाला वेगळा का लागतो याचा शोध घेतला, तो इथे टाकतो. इतर पेटीवाल्यांना उपयोग होईल.

समजा सा वर उभा असलेला कोमल निषादाचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) आहे. साधारण शिकवतात ते सा ग प नी॒. एव्हान्स डाव्या हातात सा वाजवतच नाही. तो धरतो नी॒, रे, ग, ध, एकमेकांना चिकटून, मध्य सप्तकाच्या आसपास. नी॒ आणि ग यांनी कॉर्डची ओळख पटते, रे आणि ध यांनी रंग चढतो. सा कुठे गेला? तो बासकडे. म्हणजे पियानोने जागा मोकळी सोडली, म्हणून लाफारोला बोलता आलं. सा त्याच्या हवाली केल्यावर तो कधी देतो, कधी मुद्दाम देत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कानात तो तरीही वाजत राहतो.

पेटीवर हे चार स्वर धरून पाहा आणि कुणाला तरी खालचा सा द्यायला सांगा. मग सा काढून घ्यायला सांगा. एकदम लटकल्यासारखं होतं. एव्हान्सच्या त्रयीचा अर्धा मामला इथे आहे.

एकच रचना अनेक वेळा ऐकायची हे आपल्याला नवीन नाहीच. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एकाच रागाच्या निरनिराळ्या मैफली लोक जमवतातच की.

---

षड्जपंचम

@भाता_आणि_सूर, डाव्या हाताचं वर्णन फार छान. शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत नाही, आणि इथे नेहमी हेच होतं म्हणून लिहितो. जॅझ आलं की आपण लगेच राग काढतो.

राग म्हणजे मर्यादा ठरलेली, बंदिश ठरलेली, आणि त्यात गायक किती खोल जातो ते पाहायचं. एव्हान्सकडे खालची जमीनच हलते. चाल तीच ठेवून तिच्याखालचे कॉर्ड तो बदलतो, आणि मग त्याच चालीचा अर्थ बदलतो. शिवाय फेरा पक्का, बहुधा बत्तीस मात्रागटांचा, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. आवर्तनाची आठवण येईल, पण इथे फेऱ्याच्या आत कॉर्डांचं वेळापत्रक आहे, ते चुकवून चालत नाही.

उदाहरण 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. पुतणीसाठी केलेली रचना. १९५६ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड झाली तेव्हा एकटा पियानो, सव्वा मिनिटाच्या आसपास, बस. १९६१ ला व्हॅनगार्डमध्ये सुरुवात तीन मात्रांच्या ठेक्यात होते आणि चाल संपली की सगळे चार मात्रांत सरकतात, तिथून स्विंग सुरू. झपतालातली बंदिश मध्येच त्रितालात नेली तर काय होईल सांगा.

---

भाता_आणि_सूर

खुर्च्या फेकतील. मान्य. :)

पण 'ऐकण्याची सवय' एवढ्यापुरतं माझं म्हणणं शाबूत ठेवतो.

---

नवी_विटी

मी त्या जुन्या धाग्यावरची 'सुरुवात कुठून करू' विचारणारी. एवढं सगळं नको, एकच काहीतरी सांगा जे आज रात्री ऐकता येईल. आणि स्ट्रीमिंगवर 'बिल एव्हान्स' शोधलं तर सॅक्सोफोनवाला माणूस येतोय, तो हाच का?

---

रेकॉर्डवाला_दादर

नाही! तो दुसरा बिल एव्हान्स, सॅक्सोफोनवादक, जन्म १९५८. ऐंशीच्या दशकात तोही माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत होता, म्हणजे घोळ आणखी. काही अ‍ॅपांवर दोघांचे अल्बम एकाच खात्यात पडलेले असतात. इलेक्ट्रिक गिटार आणि फंक ऐकू आलं की समजा चुकीच्या घरात शिरलात. गिल एव्हान्स हा आणखी तिसरा, तो अरेंजर, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचनेची मांडणी करणारा.

दुसरी सूचना. 'आठ क्लासिक अल्बम, चार सीडी' छापाचे स्वस्त युरोपीय संच दिसतात. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांत संपत असे, त्यामुळे १९६० च्या आसपासचं संगीत तिथे कुणीही छापू लागलं. आवाज कुठून उतरवलाय सांगता येत नाही, माहितीपत्रक नावाला. पैसे वाचतात, एवढंच.

---

माजघर

@नवी_विटी, आज रात्रीसाठी एक छोटा खेळ. दोन कॉर्डांचा एक झोका आहे, डाव्या हातात इकडून तिकडे, तिकडून इकडे, फार सावकाश. तो ओळखायचा.

पहिल्यांदा 'पीस पीस', डिसेंबर १९५८, 'एव्हरीबडी डिग्ज बिल एव्हान्स'वर. खरं तर लेनर्ड बर्नस्टाइनचं 'सम अदर टाइम' वाजवायला बसला होता, त्याच्या सुरुवातीचा झोका लागला आणि तो त्यातच रमला. गाणं बाजूला राहिलं, नवी रचना झाली. उजवा हात आधी साधा, मग पक्ष्यांसारखा तुटक, बेसुराच्या काठावर. डावा शेवटपर्यंत तोच.

मग 'काइंड ऑफ ब्लू'वरचं 'फ्लमेंको स्केचेस', काही महिन्यांनंतरचं. पहिल्या काही सेकंदांत तोच झोका.

मग व्हॅनगार्ड १९६१ चं 'सम अदर टाइम'. आता गाणं परत आलंय, आणि झोक्याखाली लाफारो आहे.

आणि शेवटी १९७५ चा टोनी बेनेट आणि एव्हान्सचा अल्बम, फक्त आवाज आणि पियानो. तिथे शब्द ऐकू येतात.

'पीस पीस' संकलनांत असतंच, पण एकटं. बाकीची तीन शेजारी असली की ते उलगडतं.

---

तिसरी_घंटा

लाइव्हबद्दल एवढं चाललंय तर एक टोचणारा प्रश्न. 'द सीक्रेट सेशन्स' तुम्ही लोक ऐकता का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माइक हॅरिस नावाचा चाहता १९६६ ते १९७५ पत्नीबरोबर व्हॅनगार्डला जायचा आणि लपवलेल्या यंत्रावर एव्हान्सला टेप करायचा. एव्हान्सच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये, त्यातून आठ सीडींचा संच निघाला. वादकाची परवानगी नाही. आवाज मधूनमधून गढूळ, पियानो कधी जवळ कधी दूर. पण एडी गोमेझच्या बासची नऊ वर्षं त्यात अशी सापडतात जशी कुठल्याही अधिकृत रेकॉर्डवर नाहीत.

माझ्याकडे आहे, ऐकतेही. पण मोकळं वाटत नाही. कलाकार जे टाकून देतो तेही त्याचंच असतं ना?

---

षड्जपंचम

तेच तर्कशास्त्र लावलं तर आपल्या खाजगी मैफलींच्या निम्म्या टेपा नदीत सोडाव्या लागतील.

---

तिसरी_घंटा

आपण करतो म्हणून बरोबर, असं काही नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेकदा यजमानाचा टेपरेकॉर्डर समोर ठेवलेला असायचा, गायकाला दिसत असायचा. टेबलाखाली लपवणं वेगळं.

---

रेकॉर्डवाला_दादर

परवानगीचा प्रश्न रीतसर सोडवूनही जुनं बाहेर येतंय, हेही सांगायला हवं. डीजॉनेट एव्हान्सबरोबर १९६८ मध्ये काही महिनेच होता. कितीतरी वर्षं त्याचा पुरावा म्हणजे एकच रेकॉर्ड, माँत्रोची, मुखपृष्ठावर तळ्याकाठचा किल्ला असलेली. १५ जून १९६८. मग २०१६ मध्ये रेझोनन्स कंपनीने 'सम अदर टाइम' काढलं. माँत्रोनंतर पाच दिवसांनी, २० जूनला, जर्मनीतल्या फिलिंगनच्या एमपीएस स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग. पुढच्या वर्षी 'अनदर टाइम', नेदरलँड्समधलं हिल्व्हरसम, २२ जून १९६८. म्हणजे एका आठवड्यात तीन ठिकाणी तेच तिघे. माँत्रोला महोत्सवाच्या गर्दीसमोर आहेत म्हणून जोरात, स्टुडिओत डीजॉनेट बराचसा काठ्यांऐवजी ब्रशवर आणि आवाज दाबून, हिल्व्हरसमला मोजक्या श्रोत्यांपुढे दोन्हींच्या मधे. वारस आणि वादकांशी करार करून, जाड माहितीपुस्तिकेसह. माजघरताईंच्या 'तेच ते' सिद्धांताला यापेक्षा चांगला दाखला नाही.

---

पावसाळी_बेडूक

अवांतर: व्हर्व्हचा १८ सीडींचा तो लोखंडी डबा कुणाकडे आहे का? १९९७ चा. तो डबा मुद्दाम गंज चढेल अशा पत्र्याचा केलाय, म्हणजे प्रत्येकाचा डबा वेगळा दिसावा. कुणा डिझायनरच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. तिकडे वर्षानुवर्षांत हळुवार तपकिरी झाक येत असेल. माझा ठाण्यात दोन पावसाळ्यांत पार कढईसारखा झालाय, आणि शेल्फवर डाग पडले ते वेगळेच. बायको म्हणते संगीत कपाटात ठेव आणि डबा गच्चीवर.

आतला माल मात्र एकच नंबर. 'कन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'वर तो एकटाच तीन पियानो एकावर एक रेकॉर्ड करून स्वतःशी बोलतो. लाइव्हच्या धाग्यात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

---

एडिसनकर

शेवटच्या काळाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मार्क जॉन्सन बासवर, जो लाबारबेरा ड्रम्सवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या कीस्टोन कॉर्नरमधली ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर १९८० ची रेकॉर्डिंग्ज 'द लास्ट वॉल्ट्झ' नावाने आठ सीडींवर आहेत. १५ सप्टेंबरला एव्हान्स गेला. यकृत संपलेलं, व्यसनाने शरीर पोखरलेलं, आधीच्या वर्षी थोरल्या भावाने आत्महत्या केलेली.

मला ते सलग ऐकवत नाही. वेग इतका वाढलाय की श्वास लागतो.

---

माजघर

मलाही सलग नाही ऐकवत. पण ते 'मरणाऱ्या माणसाचं संगीत' म्हणून ऐकू नये असं वाटतं. लाफारोनंतर इतकी मोकळी त्रयी त्याला याच वेळी मिळाली होती, आणि तो तिच्यावर तुटून पडलाय. जून १९८० चा व्हॅनगार्डचा 'टर्न आउट द स्टार्स' संच त्याहून तोलाचा आहे, आवाजही सरस. तिथून सुरुवात करा, कीस्टोन नंतर.

दुःखच ऐकायचं असेल तर 'टाउन हॉल', २१ फेब्रुवारी १९६६. वडील नुकतेच गेले होते. दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी एकट्याने वाजवलेली लांब रचना आहे, तेरा मिनिटांच्या वर. तिच्या पोटात 'टर्न आउट द स्टार्स' आहे, तेही शेवटच्या संचाशी ताडून पाहता येईल. जाता जाता, त्या रेकॉर्डवर 'भाग पहिला' छापलंय आणि दुसरा भाग आलाच नाही.

---

नवी_विटी

झोका सापडला! 'फ्लमेंको स्केचेस'मध्ये अगदी पहिल्या स्वरांत. इतक्या वेळा ऐकलं होतं, कधी लक्षच गेलं नाही.

आता तक्रार. व्हॅनगार्डमध्ये लोक इतके गप्पा का मारतात? आणि 'माय फूलिश हार्ट' संपल्यावर टाळ्या इतक्या थोड्या?

---

एडिसनकर

कारण त्यांच्यासाठी तो नेहमीचा रविवार होता. काही ऐतिहासिक होतंय असं कुणी सांगितलं नव्हतं.

---

चहाबिस्किट

भांडण काही झालं नाही, फुकट बसलो. पण ते वीज गेलेलं 'ग्लोरियाज स्टेप' लावलं. आमच्या सोसायटीतही तेव्हाच लाइट गेली, त्यामुळे नेमकं कुणाचं रेकॉर्डिंग तुटलं ते कळलं नाही. परत लावतो.

@रेकॉर्डवाला_दादर, फोर्टच्या फुटपाथवर एकाकडे 'स्प्रिंग लीव्हज' आहे, पाकीट फाटलंय, आतल्या तबकड्यांवर बारीक रेघा आहेत. बाराशे म्हणतोय. घ्यावी?

---

रेकॉर्डवाला_दादर

आठशेला मागा, हजारात देईल. घेण्याआधी तिरप्या उजेडात धरून बघा. रेघ नखाला लागत नसेल तर बिनधास्त घ्या. तुम्हाला नको झाली तर मला कळवा.